राबणाऱ्याचे अंग आणि राबणाऱ्याचे ताट

(वैनगंगेच्या काठच्या एका गावी मंडईच्या निमित्ताने जमलेल्या शेतकरी व कारागीर मंडळींपुढे केलेले भाषण)



हलके धान घरी आले, भारी धान कापणीला आले, आणि मधल्या चार दिवसांच्या उसंतीत आपण मंडईला जमलो आहोत. रात्री नाटक आहे हे मला ठाऊक आहे; त्याची वेळ मी खाणार नाही. पण ज्या अंगाने आपण धान पिकवतो, माती तुडवतो, माग चालवतो, त्या अंगाविषयी आपल्यात कोणी चार शब्द बोलत नाही. बैल आजारी पडला तर आपण रातोरात ढोराचा डॉक्टर शोधतो. घरचे माणूस आजारी पडले तर म्हणतो, पाहू, होईल बरे आपोआप. म्हणून आज मी अंगाविषयीच बोलणार आहे. काय खावे, अंग कसे हलवावे, आणि ह्या दोहोंनी रोजच्या जगण्यात काय फरक पडतो, एवढाच माझा विषय.

व्यायामाचे नाव काढताच पुष्कळ लोक हसतात. ते म्हणतात, "कसरत ही गादीवर बसून खाणाऱ्यांची गोष्ट. शेठजींचे पोट सुटते, साहेबांना साखर लागते, त्यांनी धावावे. आम्ही उजाडल्यापासून दिवे लागेपर्यंत राबतो. आम्हांला कसरत सांगणे म्हणजे माशाला पोहणे शिकवणे." हे बोलणे कानाला गोड लागते, आणि त्यातले अर्धे मलाही मान्य आहे. मेहनतीचे अंग बसलेल्या अंगापेक्षा चांगलेच असते. परंतु उरलेले अर्धे खोटे आहे, आणि त्या खोट्यापायी आपली माणसे जात आहेत.

हे मी मनचे सांगत नाही. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांची 'सर्च' ही संस्था आहे. त्या संस्थेने २०११ पासून २०१३ पर्यंत दोन वर्षे ८६ खेड्यांतील मृत्यूंची चौकशी केली. त्या खेड्यांत कोणी शेठ-सावकार भरलेले नव्हते. सारे आपल्यासारखे धान रोवणारे, मोह वेचणारे. आपणांस वाटेल, मरणाचे पहिले कारण हिवताप असेल, नाहीतर साप असेल. ते निघाले लकवा! डोक्यातली रक्ताची नळी तुंबते किंवा फुटते, एक बाजू लुळी पडते, वाचा बसते. त्यालाच कोणी वारे गेले म्हणतात, कोणी करणी केली म्हणतात. गेलेल्या दर सात माणसांत एक माणूस लकव्याने गेले होते, आणि त्यांतील बहुतेकांनी घरच्या खाटेवरच प्राण सोडला.

लकव्याचे मोठे मूळ म्हणजे वाढलेला रक्तदाब, ज्याला आपण बीपी म्हणतो. हा दुखत नाही, खुपत नाही, ताप आणत नाही. घरात शिरलेल्या वाळवीसारखा आतून पोखरतो आणि एके दिवशी आढे खाली येते. हा साहेबांचा रोग म्हणून आपण त्याच्याकडे पाठ केली, आणि तो आपल्याच झोपडीत येऊन बसला. मग प्रश्न असा की, राबणाऱ्याच्या घरी हा आला कोठून? माझ्या मते तो तीन वाटांनी आला: बदललेली मेहनत, बदललेले ताट, आणि पानठेला.

पहिली वाट मेहनतीची. आपल्या आजीच्या वेळी घरात जाते होते, उखळ-मुसळ होते, पाणी विहिरीचे होते, आठवडी बाजार पायी होता. आज चक्की आली, नळ आला, फटफटी आली, ट्रॅक्टर आला. ह्या सोयी आल्या हे बरेच झाले. मायबहिणींच्या डोक्यावरचे ओझे उतरले. ते पुन्हा चढवा असे मी कधी म्हणणार नाही. परंतु त्याचा हिशेब आपण मांडला नाही. रोवणी, निंदण, कापणी आणि चुरणा एवढे दिवस सोडले, तर पुष्कळ गड्यांचा दिवस आता बाकावर आणि मोबाईलवर जातो. चार महिने अंग मोडेपर्यंत मेहनत आणि आठ महिने बैठक, अशी आपली रीत झाली आहे.

शंकरपटाचे शौकीन येथे पुष्कळ बसले असतील. पटाचा बैल तयार करणारा माणूस त्याला पहिल्याच दिवशी धावडवतो काय? नाही. तो त्याला आधी चालवतो, मग थोडा पळवतो, अंग चोळतो, पेंड घालतो, विसावा देतो. वर्षभर दावणीला बांधलेला बैल एकदम पटात जुंपला तर त्याचे पाय जातील, हे लहान पोरालाही कळते. मग उन्हाळाभर बसलेले अंग मृगाच्या पहिल्या पावसाला एकदम बांधीत जुंपायचे, हे कोणते शहाणपण? रोवणीच्या दिवसांत बाई सकाळपासून एकाच बाजूला वाकलेली असते. त्या कामाने कंबर झिजते. व्यायाम कंबर सगळ्या बाजूंनी फिरवतो आणि तिला ताकद देतो. काम आणि व्यायाम यांत फरक आहे तो हा.

आता कारागीर बंधूंकडे वळतो. आपल्यातले शिंपी, सोनार, नागभीड-आरमोरीकडचे कोशाचे विणकर, बांबू सोलणारे बुरड, हे सारे मेहनती, पण बैठकीचे मेहनती. हात चालतो, डोळा चालतो, पाय मात्र दिवसभर दुमडलेले. ह्यांच्यासाठी विलायतेतली एक गोष्ट सांगतो. लंडन शहरात दोन मजली बसगाड्या असत. ड्रायव्हर दिवसभर बसलेला, आणि कंडक्टर तिकिटे फाडीत दिवसभर जिना चढतो-उतरतो. दोघांची गाडी एक, मालक एक. डॉ. मॉरिस नावाच्या गृहस्थाने ह्या लोकांच्या आजारांचा हिशेब केला आणि १९५३ साली तो छापला. बसून राहणाऱ्या ड्रायव्हरांना हृदयाचा आजार अधिक, आणि जिना चढणाऱ्या कंडक्टरांना कमी! तेव्हा मागावरच्या विणकराने आणि मशीनवरच्या शिंप्याने हे ओळखावे की, हात चालला म्हणजे अंग चालले असे होत नाही.

दुसरी वाट ताटाची. आपला मुलूख धानाचा. ह्या मुलखाने देशाला नवे धान दिले आहे. नागभीड तालुक्यातील नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे हे दीड एकराचे शेतकरी. त्यांनी आपल्या बांधीतली वेगळी लोंबी ओळखून एचएमटी हे वाण उभे केले. २०१८ साली ते वारले, पण त्यांचा तांदूळ आज दूरदूरच्या ताटांत आहे. असे डोके असलेले आपण लोक, तांदूळ खाण्याच्या बाबतीत मात्र फसलो आहोत. गिरणीत तो इतका घासून घेतो की वरचा सारा कोंडा निघून जातो. पांढरा शुभ्र, मोत्यासारखा तांदूळ म्हणजे मोठ्या घरचा, आणि लालसर तांदूळ म्हणजे गरिबाचा, अशी समजूत झाली आहे. पण सत्त्व त्या कोंड्यात होते!

कोंबड्या पाळणाऱ्यांना ही गोष्ट चटकन पटेल. १८९० च्या सुमारास जावा बेटावर आयकमन नावाचे डच डॉक्टर होते. तेथे माणसांना बेरीबेरी नावाचा रोग होई. पाय लुळे पडत. डॉक्टरांच्या कोंबड्यांचेही पाय तसेच लुळे पडू लागले, आणि काही काळाने त्या आपोआप बऱ्या झाल्या. शोध करता कळले की, आधी त्यांना फौजेच्या दवाखान्यातला उरलेला घासलेला भात घालीत. मग नवा आचारी आला. त्याने सांगितले, फौजेचा तांदूळ कोंबड्यांना मिळणार नाही. तेव्हा त्यांना हलका, कोंड्यासकटचा तांदूळ घालू लागले, आणि कोंबड्या उभ्या राहिल्या. पुढे त्या कोंड्यातले सत्त्व सापडले, आणि आयकमन साहेबांना १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. फौजेच्या ताटापेक्षा कोंबडीच्या दाण्यांत अधिक जीव होता, हे ह्या गोष्टीचे सार.

म्हणून गिरणीवाल्याला सांगा, घरच्या खाण्याचे धान कमी घासून दे. कोंड्याचा तांदूळ लवकर खवट होतो, तेव्हा तो महिन्याला लागेल तेवढाच भरडून आणावा. भाताचे पाणी ओतून देऊ नये. राजुरा-वरोऱ्याकडच्या मंडळींनी ज्वारीची भाकर सोडू नये, आणि डोंगराकडच्या मंडळींनी कोदो-कुटकी सोडू नये. रेशनवर तांदूळ मिळतो हा मोठा आधार आहे, पण नुसत्या तांदळाने पोट भरते, अंग भरत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली सांगितले आहे की, ताटाचा अर्धा भाग भाजी आणि फळांचा असावा. आपल्याकडे भाताचा डोंगर आणि त्याच्या पायथ्याशी वरणाचा झरा असतो. तो डोंगर थोडा खाली करावयाचा आहे.

आपण म्हणाल, भाजी-फळाला पैसा कोठून आणू? बंधूंनो, ज्यांच्या दारी जंगल आहे आणि तलाव आहे, त्यांनी हे विचारावे काय? पहिल्या पावसाचा तरोटा, अंबाडी, शेवग्याचा पाला, कुड्याची फुले, बांबूचे वास्ते, मोहाची फुले, तेंदू, चारे, आवळे; परसातले पोपट आणि भेदरे; जवसाची चटणी, तूर, उडीद. ह्यांतली पुष्कळ वस्तू फुकट आहे. वास्ते मात्र उकळून पहिले पाणी टाकून द्यावे. लाखोळीची डाळ तोंडी लावण्यापुरती चांगली. पण महिनोन् महिने तिच्यावरच पोट भरले तर पाय लुळे पडतात, म्हणून ती भिजवून, पाणी फेकून, इतर डाळींत मिसळून खावी. पालेभाजीवर लिंबू पिळावे किंवा आवळा खावा, म्हणजे भाजीतले लोह अंगी लागते. जेवणावर लागलीच चहा ढोसला तर तेच लोह वाया जाते.

आणि मासे, झिंगे, अंडी यांविषयी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. आपल्या बापजाद्यांनी आणि मालगुजारांच्या वेळच्या लोकांनी जे तलाव खोदले, ज्यांना आपण मामा तलाव म्हणतो, त्यांत धानाला पाणी आहे आणि ताटाला मासा आहे. पण आपल्यातली काही घरे थोडी वर आली की पहिल्याने मासा सोडतात. कोणीतरी त्यांना सांगितलेले असते की, न खाणारा तो उच्च आणि खाणारा तो नीच. ज्याला मनापासून खावयाचे नाही त्याने खाऊ नये, त्याने डाळ, दूध, शेंगदाणे भरपूर खावे. त्यात वाईट काही नाही. पण मोठेपणा मिळावा म्हणून वाढत्या पोराच्या आणि गरोदर सुनेच्या तोंडचे अंडे काढून घेणे, हा मोठेपणा नव्हे. ढिवर बांधवाने पहाटे जाळे टाकून आणलेला मासा हे आपल्या मुलखातले उत्तम औषध आहे, आणि तो खाण्यात कमीपणा कसला?

आता माझ्या भाषणातली सर्वांत अवघड गोष्ट. पुरुष मंडळींनी रागावू नये. आपल्या घरात जेवणाची पाळ कशी असते? आधी गडी, मग पोरे, मग म्हातारी, आणि सर्वांच्या मागून ती, जिने सारे रांधले. तिच्या वाट्याला येतो भात, आणि डाळीच्या भांड्याचे खरवडलेले बूड. सरकारने २०१९ ते २०२१ मध्ये देशभर पाहणी केली. त्यात आपल्या महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायांच्या अंगी रक्त कमी निघाले. ज्या अंगात रक्त नाही ते अंग रोवणीत दिवसभर वाकते, घरी येऊन चूल पेटवते, आणि आपण म्हणतो, हिला सदा थकवाच असतो! दुभत्या गाईला आधी चारा घालणारे आपण लोक. लेकराला पाजणाऱ्या बाईला आधी वाढावे, एवढी अक्कल आपल्याला गाय शिकवते. सर्वांनी एका वेळी एका पंगतीला बसावे. तिच्या ताटात काय पडले हे सर्वांना दिसेल, आणि दिसले की लाज वाटेल. मायबहिणींनो, आपणांसही सांगतो: अंगात रक्त नसता आठवड्याचे दोन-दोन उपास करू नका. देवाला तुमच्या चक्करीचा काही उपयोग नाही.

तिसरी वाट पानठेल्याची. खर्रा कसा होतो हे आपणांस मी सांगायला नको. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीवर घोटायचा, की झाले. तो भूक मारतो, दात खातो, तोंड उघडेनासे करतो, आणि शेवटी तोंडाचा कर्करोग आणतो. तंबाखू तर वाईटच, पण नुसती सुपारीदेखील कर्करोग करते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने जाहीर केले आहे. आपण साधा हिशेब करू. एक खर्रा वीस रुपयांचा धरा आणि दिवसाला तीन धरा. दिवसाचे साठ रुपये, वर्षाचे एकवीस हजार नऊशे! अंडे सात रुपयांचे धरले तर त्या साठ रुपयांत रोज आठ अंडी येतात. जो गडी "अंडी परवडत नाहीत" म्हणतो, तो रोज आठ अंडी चघळून थुंकतो आहे.

दारूचे तर काय सांगावे. बायाबापड्यांनी रस्त्यावर येऊन चळवळ केली, आणि १९९३ साली गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी झाली. चंद्रपुरात ती २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली. कायदा असो वा नसो, दारू रक्तदाब वाढवते, आणि घरातल्या डाळीचे पैसे पिते, ही गोष्ट दोन्ही जिल्ह्यांत सारखीच आहे. आणि मीठ! एका माणसाला सबंध दिवसात पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा एक चमचा सपाट भरून, तेवढे मीठ पुरे. त्यात भाजीतले, लोणच्यातले, पापडातले, वाळलेल्या मासळीतले आणि दुकानच्या पाकिटातले, सारे आले. भातात मीठ, वरणात मीठ, वरून ताटात चिमूट, ही सवय मोडावी. मीठ हळूहळू कमी केले तर जिभेला थोड्याच आठवड्यांत त्याची सवय होते.

आता व्यायाम कोणता करावा ते सांगतो. ह्याला यंत्र नको, पैसा नको. आठवड्यातून पाच दिवस, रोज अर्धा तास झपाझप चालावे. चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतका वेग असावा. दोन दिवस दंड-बैठका काढाव्या. बांधीतून घरी येताना बाईने दोन्ही हात कंबरेवर ठेवून दहा वेळा हळूच मागे वाकावे. विणकर-शिंप्याने दर तासाला उठून शंभर पावले चालावे, मान आणि मनगट फिरवावे, आणि दूरच्या झाडाकडे क्षणभर पाहावे, म्हणजे डोळ्याला विसावा मिळतो. म्हाताऱ्यांनी खाटेच्या काठावरून हात न टेकता दहा वेळा उठावे आणि बसावे. पोरांनी आट्यापाट्या, कबड्डी, खो-खो खेळावा. गोंड, कोलाम बांधवांचा रेला आणि ढेमसा हा तर व्यायामाचा राजा. तास तास नाचावे आणि थकवा कळू नये. तो लग्नापुरता का ठेवावा? ज्या गावात गुरुदेव सेवा मंडळाची सायंप्रार्थना होते, तेथे प्रार्थना आटोपल्यावर पंधरा मिनिटे सर्वांनी मिळून अंग हलवले तर कोण हरकत घेईल? आणि घरच्या गड्याने सायंकाळचे पाणी भरले, भांडी घासली, म्हणजे बाईलाही स्वतःसाठी अर्धा तास सापडेल. त्याचाही व्यायाम होईल.

मात्र हा आपला मुलूख आहे, पुण्या-मुंबईचा बगीचा नव्हे. म्हणून चार गोष्टी सांभाळाव्या. ताडोबा, ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल ह्या बाजूला वाघ आहे; अंधारात एकट्याने जंगलाच्या वाटेने फिरायला जाऊ नये. उजाडल्यावर गावातच, चार जणांनी मिळून चालावे. पोलीस भरतीसाठी आपली पोरे पहाटे मोठ्या रस्त्यावर धावतात. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आरमोरी-गडचिरोली रस्त्यावर काटलीजवळ पहाटे व्यायामाला गेलेली चार मुले ट्रकखाली दगावली. ती आपलीच लेकरे होती. मोठ्या रस्त्यावर धावावे लागते, कारण गावात मैदान नसते. ग्रामसभेत शेड आणि सभामंडप मागतो त्याच तोंडाने आपण पोरांसाठी मैदान मागितले पाहिजे. तिसरे म्हणजे ऊन. चंद्रपूरचा उन्हाळा माणूस भाजून काढतो, तेव्हा सकाळ-संध्याकाळच धरावी. चौथे, आपल्याकडे सिकलसेलचा आजार पुष्कळ घरांत आहे. सरकारी दवाखान्यात त्याची तपासणी होते. ज्याला तो आजार आहे त्याने डॉक्टरांना विचारून, पाणी पीत पीत, बेताचाच व्यायाम करावा. दमून जाईपर्यंत करू नये.

कोणी म्हणेल, हे व्यायामाचे खूळ आपल्यात कोठून आले? हे खूळ आपलेच आहे. पुण्यात लहुजी वस्ताद साळवे यांची तालीम होती, आणि जोतीराव फुल्यांनी तेथे दांडपट्ट्याचे हात शिकले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१२ साली कुस्तीसाठी खासबागेचे मैदान बांधले, आणि तेथे शेतकऱ्यांची पोरे उतरली. आपल्या मोठ्या माणसांनी पाटी आणि तालीम ह्या दोहोंना सोडले नाही.

ह्या साऱ्याचा फायदा म्हाताऱ्या वयातच दिसेल असे नाही; थोड्याच दिवसांत दिसू लागेल. झोप गाढ लागते. पोट साफ होते. कंबरेचे दुखणे कमी होते. मनाचा चिडखोरपणा उतरतो, आणि घरातले भांडण दोन पायऱ्या खाली येते. वाढलेला रक्तदाब काही अंकांनी उतरतो. मात्र ज्यांना डॉक्टरांनी बीपीची गोळी दिली आहे त्यांनी ती स्वतःच्या मनाने बंद करू नये. ती सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. ताकदीच्या डब्यांना आणि बाटल्यांना बाजारात हजार-हजार रुपये मोजू नका.

आपला हक्कही सोडू नका. अंगणवाडीचा आहार, शाळेतले जेवण, आणि आदिवासी भागातील गरोदर व लेकुरवाळ्या मातांसाठी २०१५ साली सुरू झालेला अमृत आहार, ही भीक नव्हे. तो आपला हिस्सा आहे, तो चांगला मिळाला पाहिजे, आणि कमी पडला तर ग्रामसभेत विचारले पाहिजे. गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावने हे करून दाखवले. २०१२ साली त्या गावाला सुमारे एक हजार हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. मग गावाने ठरवले की तेंदूपत्ता तोडायचा नाही. पत्ता गेला तर बिडीत जातो. झाड राखले तर फळ माणसांनाही मिळते, पाखरांनाही मिळते. हातचा पैसा सोडून एका लहान गावाने आपले फळ राखले. आपणांस तर नुसता खर्रा सोडावयाचा आहे!

तेव्हा उद्यापासून पाच गोष्टी धराव्या. सर्वांनी एका पंगतीला जेवावे. ताटातला भात थोडा कमी करून डाळ, भाजी, मासा, अंडे वाढवावे. मीठ कमी करावे, आणि खर्रा-दारू बंद करावी. रोज अर्धा तास अंग हलवावे. आणि तीस वर्षांवरच्या प्रत्येक माणसाने गावच्या आरोग्य उपकेंद्रात जाऊन वर्षातून एकदा तरी रक्तदाब मोजून घ्यावा. तरीही एखाद्याचे तोंड वाकडे झाले, एक हात उचलेना, बोलणे अडखळू लागले, तर मांत्रिकाकडे जाऊ नका, सकाळची वाट पाहू नका. तत्काळ १०८ नंबरची गाडी बोलवा, आणि जेथे डोक्याचा फोटो निघतो अशा मोठ्या दवाखान्यात न्या. नळी तुंबली असेल तर गाठ विरघळवण्याचे औषध पहिल्या साडेचार तासांतच देता येते. त्या ८६ खेड्यांतील माणसे खाटेवर गेली. आपल्या गावातली जाऊ नयेत, एवढ्यासाठीच मी बोललो.

धान आपण पिकवतो, मडके आपण घडवतो, कापड आपण विणतो. त्या धानाचे सत्त्व, त्या मडक्यातला मासा आणि ते कापड अंगावर मिरवण्याची ताकद, हेही आपल्याच घरी राहिले पाहिजे. नाटकवाल्या मंडळींची वाट मोकळी करून आपली रजा घेतो.